पंधराचा फ्यूज

आधी मायनस काढा, म्हणाले बाबालाल मुजावर,
मग बोला.
दहाचा पाना, एक झटका,
आणि एक्क्याऐंशी सालची जीप
पाटणच्या स्टँडमागं मुकी झाली.

मी यादी काढली: धुक्यासाठी दोन दिवे,
लसींच्या पेटीला सॉकेट,
मागं एक बल्ब, रात्री म्हैस अडली की
दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून.
त्यांनी यादी वाचलीच नाही.
डॅशखाली डोकं घातलं
आणि एकेक करत बाहेर ओढल्या
आधीच्या मालकांच्या खोड्या:
पिळून टेप मारलेले जोड,
हॉर्नची वायर वायपरच्या गळ्यात,
फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
"ही अजून जळली कशी न्हाई, डॉक्टरीणबाई,
ह्येचंच नवल."

बॉनेटवरच्या धुळीत बोटानं गणित:
पंचावन्न न् पंचावन्न एकशेधा, भागिले बारा.
नऊ आणि वर थोडं.
"पंधराचा फ्यूज. तिसाचा मागू नका.
वायरीपेक्षा फ्यूज दुबळा पायजे.
घरात एक तरी आधी रडणारा असावा."

तो बसवला बॅटरीपासून वीतभर अंतरावर.
त्याच्या अलीकडं जेवढी वायर
तेवढी बेवारस, म्हणाले.

मग रिले. काळी डबी, काडेपेटीहून लहान.
तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवे,
पंच्याऐंशी-शहाऐंशीत नुसता निरोप.
"स्विचनं निरोप द्यावा, ओझं उचलू नये.
सरपंचानं सही करावी,
टिकाव घिऊन विहिरीत उतरू नये."
पत्र्याच्या भोकात रबराची कडी,
कारण पत्र्याची धार म्हणजे
सावकाश चालणारी करवत.

शेवटी अर्थ.
चेसीवर कानस लावली.
वरचा हिरवा माझा,
त्याखाली पांढरा, कुण्या ठेकेदाराचा,
त्याखाली खात्याचा खाकी, मग तांबडा प्रायमर,
आणि मग नाण्याएवढं
उघडं, चकचकीत लोखंड.
"रंगावर अर्थ लागत न्हाई," म्हणाले,
वॉशर, बोल्ट, वर बोटभर ग्रीस.
मी हसले.
ते हसले नाहीत. त्यांच्या लेखी
तो शब्द एकच होता.

आश्विनातली रात्र, सडावाघापूरच्या वर,
धनगरवाड्यावरून परत येताना
(वासरू जगलं, आडवं होतं तरी)
दोन्ही दिवे गेले.
आवाज नाही, ठिणगी नाही.
समोर धुकं, चुन्याच्या भिंतीसारखं
नाकापर्यंत आलेलं.
मूळचे पिवळे डोळे तेवढे मिणमिणत,
मागं लसींची पेटी
आपल्या वेगळ्या फ्यूजवर गुणगुणत.

बॉनेट उघडून आधी वास घेतला.
ओलं गवत, डिझेल. जळका नाही.
ॲशट्रेत दुसरा पंधराचा होता,
पण त्यांचं बोलणं आठवलं:
पहिला कशानं मेला ते बघितल्याबिगर
दुसऱ्याला पाठवू नका.

बंपरमध्ये कारवीचं खोड अडकलेलं.
त्यानं वायर ओढून ब्रॅकेटवर टेकवलेली,
आणि घासून घासून उघडा पडलेला
केसाएवढा तांब्याचा एक धागा.
खोड उपसलं, पिशवीतून काढली
गाईच्या खुराला मारायची चिकटपट्टी,
चार वेढे दिले.
दुसरा फ्यूज घातला तेव्हा
हात थरथरत होता, थंडीनं म्हणा.
भिंत एकदम पांढरी झाली,
आणि भिंतीत रस्ता.

सकाळी मेलेला फ्यूज त्यांच्या हातावर ठेवला.
उन्हाकडं धरून, एक डोळा मिटून
त्यांनी आतली तुटलेली तार पाहिली,
बराच वेळ,
जशी मी पाहते काचपट्टीवरचं रक्त.
"येळेवर रडला," म्हणाले.

खुराची पट्टी बघून मात्र
तोंड वाकडं केलं, कात्री घेतली,
ती अख्खी वायरच कापून टाकली.