पाचव्या पेटीपाशी

पहिल्या चार पेट्या ती कुरकुरत का होईना, गाठायची.
पाचवीपाशी, ओइवाच्या फाटकासमोर,
मी ब्रेकवर पाय ठेवला, टपाल घेऊन उजव्या खिडकीकडे वाकले
की दोन आचके, एक उसासा,
आणि संपलं.
उणे चोवीस. डिसेंबर.
कूसिवारात या दिवसांत सूर्य उगवत नाही,
नऊ वाजता आभाळ थोडं निळं होतं एवढंच.
हेडलाइटच्या पट्ट्यात भुरभुरता बर्फ
आणि माझ्या मांडीवर लोकांची विजेची बिलं.

ओइवा बाहेर यायचा. नमद्याचे बूट, हातात टॉर्च.
एकतीस वर्षं लाकडाचे ट्रक चालवलेला माणूस,
बॉनेटवर नुसता पंजा ठेवायचा,
घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.
"हं," म्हणायचा.
मग थर्मास.
दहा मिनिटं आम्ही कॉफी पीत उभे.
त्याला पत्रं येत नाहीत, फक्त वर्तमानपत्र,
तेही तो मागच्या पानापासून वाचतो:
कोण गेलं ते आधी, हवामान नंतर.

रैनोच्या गॅरेजात पोचेपर्यंत मात्र गाडी शहाणी.
वीस किलोमीटरांत अंग तापलेलं,
पाहुण्यांसमोर गुणी होणाऱ्या पोरासारखी
एका लयीत घुमत राहायची.
सत्त्याऐंशी सालची व्होल्वो. मी लाजेने लाल.
प्लग बदलले. इंधनाचा फिल्टर बदलला.
डिस्ट्रिब्युटरची टोपीसुद्धा.
दर वेळी पैसे मोजले,
दर वेळी पाचवी पेटी.

शेवटी रैनो म्हणाला,
"ताप उतरल्यावर तपासून काय कळणार?
आज रात्री हिला माझ्या अंगणात सोड. उघड्यावर."

पहाटे पाचला तो हातमोजे काढून
इनटेकच्या खाली कोपरापर्यंत शिरला.
अंगठ्याएवढा पितळी तुकडा, दोन तारा.
पाणी किती गरम आहे
ते इंजिनाच्या मेंदूला सांगणं, एवढंच त्याचं काम.
मीटर लावला. पंधरा हजार हवे होते.
काटा तीनशेवर.
"ऐकलंस? हा म्हणतो, ऐंशी अंश.
बर्फात बसून हा उन्हाळा सांगतोय,
आणि वरचा मेंदू विश्वास ठेवून
पेट्रोल आखडता हात घेऊन देतोय.
गाडी उपाशी मरते, दुसरं काय."

मग मी विचारलं, हे आत्ताच का?
तो माझ्याकडे बघत राहिला.
"तुझा ब्लॉक हीटर कधी जळाला?"
गेल्या मार्चमध्ये.
"मग झालं तर. आजवर रात्रभर वायर लावून
तू इंजिन आयतं ऊबदार देत होतीस.
खोटं तेव्हाही बोलत असेल.
खपून जात होतं."

भंगारातल्या एका निळ्या गाडीतून त्याने
दुसरा सेन्सर काढून बसवला. वीस युरो.
किल्ली फिरवली. आधी जोरात घुमली,
मग हळूहळू खाली आली,
आणि खालीच राहिली, न मरता.
मी उगीच दोनदा नाक पुसलं.

सोमवारी पहिली पेटी. दुसरी. चौथी.
इंजिन असं चालू होतं की कानाला खटकत होतं.
पाचवीपाशी वाकले, वर्तमानपत्र आत सरकवलं,
पेटीचं झाकण लावलं.
काहीच झालं नाही.
खिडकीत ओइवाचा दिवा.
पुढे अजून एकोणचाळीस पेट्या.

मी किल्ली फिरवली. उलटीकडे.

दार उघडलं. नमद्याचे बूट, टॉर्च.
बॉनेटवर पंजा ठेवला, थोडा वेळ तसाच उभा.
"आज बंद पडली नाही," तो म्हणाला.
"बंद केलीस."
एकतीस वर्षं ट्रक. त्या कानांना काय सांगणार?
मी म्हटलं, "हं."

दोन्ही कप त्याच्या खिशात होतेच.