लांबी ओली आहे

ओरुरोच्या चौकात वारा खडे घेऊन येतो,
तरी कचेरीच्या काचा त्याने कधी फोडल्या नाहीत.
त्या फुटल्या मंगळवारी, माणसांच्या हातून.

चौदा तावदानं. मी मोजली,
शिडीवर उभा राहून, पेन्सिल कानावर.
खाली हिरवळीवरची पाटी जागच्या जागी:
बसू नये. फुलं तोडू नयेत. घोषणा देऊ नयेत.
पाटीला ओरखडाही नाही.

वकीलबाई इरियार्ते म्हणाल्या, "माएस्त्रो,
कलमात एक आकडा आहे.
तुमचं बिल त्याच्या आत राहिलं तर दंड,
बागेची झाडलोट, सहा महिने हजेरी.
ओलांडलं, की तुरुंग, आणि तो वर्षांत मोजतात.
तुम्ही फक्त खरं लिहा."

तेरा काचा कारखान्यातल्या, भाव कुणालाही विचारा.
चौदावी जिन्यावरची.
तिच्या पोटात बुडबुडा होता, मसुराएवढा,
आणि तिच्यातून पाहिलं की समोरचा डोंगर
पाण्याखाली असल्यासारखा हलायचा.
माझ्या आजोबांनी बसवलेली.
मला खांद्यावर घेऊन दाखवायचे:
तो बघ, काच फुंकणाऱ्याचा श्वास, आत राहून गेलेला.
तो आता कुठे गेला, पंचनाम्यात नोंद नाही.

दगड मारणारा विल्मर.
पहाटे चौकात आपी विकणाऱ्या फेलिसाचा मुलगा.
मला त्याचा राग आहे, सांगून ठेवतो.
खाणीतले थकलेले पगार
माझ्या आजोबांच्या काचेने अडवले नव्हते.
आणि याच कचेरीत एका शिक्क्यासाठी
चार खेटे घालून पाचव्यांदा माझी बायको
रांगेतच खाली बसली,
तेव्हा तिला उठवणारा नियमही भिंतीवर तयार होता.
दोन्ही राग एकाच खिशात आहेत,
चुकांबरोबर. टोचतात.

"वारसा" एवढा एक शब्द लिहिला
तर चौदावीची किंमत दसपट.
ला पाझहून तज्ज्ञ येईल, चष्मा पुसेल, मान हलवेल.

फेलिसाने काही मागितलं नाही.
पेला मात्र काठोकाठ भरला,
जांभळी वाफ माझ्या मिशीला लागली.
मी पैसे दिले. मोजून.

दुकानाच्या मागे, घोंगडीत गुंडाळलेली,
आजोबांनी जास्तीची आणलेली एक काच होती.
दोन बुडबुडे. मुलीच्या घराला लावणार होतो,
तिचं घर काही होईना.
रात्री हिरकणीची रेघ ओढली.
जुनी काच रेघेला सहज मानत नाही,
आधी अंगठ्यातून रक्त काढते.

बिल असं:
साध्या काचा तेरा. मजुरी दोन दिवस. लांबी दोन किलो.
जिन्यावरची काच: दुकानात होती.
किमतीच्या रकान्यात आडवी रेघ.

हे खरं की नाही, ते मलाही विचारू नका.
गुरुवारी न्यायाधीश बेरीज करतील.

आज जिन्यावरून डोंगर पुन्हा हलतो,
पण जरा डावीकडे.
शिपाई म्हणाला, पहिल्यासारखी नाही.
नाहीच.

चौकटीच्या कडेने अंगठ्याने दाबत गेलो.
वाळायला आठवडा लागेल, या थंडीत जास्तच.
तोवर पाटीच्या खाली, कुणाची परवानगी न घेता,
खडूने एक ओळ वाढवली आहे:
हात लावू नये. लांबी ओली आहे.