पारावार

आमच्या मंडळाच्या त्रैमासिकाची मुद्रितं
मी रुवीत, तिसऱ्या मजल्यावर वाचते, एसीच्या घरघरीत.
अठरा वर्षं.
दर अंकात आनंद द्विगुणित होतो.
एकपट आनंद छापलेला मला आठवत नाही,
तिपटीला कुणी जात नाही.
हळदीकुंकू उत्साहात संपन्न होतं,
निरोप घेताना अश्रू अनावर होतात,
आणि कागदावर माणसं खूश होत नाहीत,
ती आनंद व्यक्त करतात,
कस्टमवाल्यासमोर बॅग उघडून दाखवावी तसा.

गावाकडची वर्तमानपत्रं याहून पक्की.
तिथं आनंद हवामान खात्याकडून येतो :
परिसरात आनंदाचे वातावरण.
(इथलं वातावरण : सेहेचाळीस अंश, धूळ,
साडेबारा ते साडेतीन उन्हातली कामं बंद.)

अशाच बंद दुपारी याकूब सोलकर वर आला.
पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, मूळचा हर्णैचा.
एरवी खालूनच टाकी भरून जातो.
रेसिडेंट कार्डाच्या पाकिटातून
त्यानं चार घड्यांचं कात्रण काढलं,
पाठीमागे जाहिरातीतला अर्धा ट्रॅक्टर.
लेक तस्नीम जनावरांची डॉक्टर झाली.
शेवटच्या ओळीवर त्यानं नख ठेवलं :
'कुटुंबीयांच्या आनंदाला पारावार उरला नाही.'

"बाय, पारावार म्हंजे काय गो?"

सीमा, म्हटलं. मर्यादा.
तेवढ्यानं त्याचं नख हललं नाही,
म्हणून कोश काढला.
पार, पलीकडचा काठ.
अवार, अलीकडचा.
दोन्ही मिळून पारावार. समुद्रालाही म्हणतात.

रुवीतून समुद्र दिसत नाही, मध्ये डोंगर आहे.
तरी आम्ही दोघांनी खिडकीकडे पाहिलं.

"मग ह्या चुकीचा हाय," तो म्हणाला.
"दोनी काठ हायत की. मी हय, पोर थय."
आणि जरा थांबून :
"कुटुंबीयांत माका धरलाय काय?"

मी ओळ पुन्हा वाचली.
व्याकरणानं धरलं होतं.

त्या दिवशी तुम्ही काय केलंत, विचारलं.
तो आठवू लागला
चोरी कबूल करावी तसा.
फोन आला तेव्हा बरक्याच्या रस्त्यावर होता.
टँकर कडेला घेतला.
पुढची काच पुसली.
पुसलेलीच होती. पुन्हा पुसली.
मग किलोभर हलवा घेतला, केशराचा,
टायरवाल्याला दिला, पंपावरच्या पोराला दिला,
उरलेला एकट्यानं खाल्ला. चमचा नव्हता.
संध्याकाळपर्यंत बोटं स्टिअरिंगला चिकटत होती.
"बस. आणखी काय नाय."

हेच छापू?
"नको गो. पोर वाचील, हसंल.
पारावारच टाक. बरा दिसता."

खाली मोटर बंद झाल्याचं ऐकू आलं,
टाकी भरली होती. तो गेला.
जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज
दुसऱ्या मजल्यावर थोडा थांबला, का ते कळलं नाही.

मी चौकट केली.
नाव, गाव, पदवी, पारावार.
काचेचं लिहिलं, खोडलं.
हलव्याचं लिहिलं, खोडलं.
खाली दोन ओळींची जागा उरली,
ती तशीच कोरी ठेवली.
छापखान्यातून फोन :
मॅडम, पान सातवर खाली रिकामं राहिलंय.
राहू दे, म्हटलं.
चूक नाही ना?
नाही.

अंक आला.
त्या जागी त्यांनी गुलाबाचं फूल टाकलं होतं.