एकवीस हजार विड्या

चैत्र अर्धा सरला तेव्हा बुट्टी खुडूक बसली.
बसली तीही कुठं, तर बंद मागाखालच्या पाटीत,
तीन रिकाम्या लाकडी कांड्या पोटाखाली ओढून,
पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून,
कुर्रर्र करत, हात लावू नका म्हणत.

शेजारची सायव्वा गज्जम हसली.
कांड्या उबवून टॉवेल निघणार का गं?
अंडी दे की तिला. कोडीचं मन फिरायच्या आत दे.

अकरा दिली. आठवड्याच्या आतली, न धुतलेली,
प्रत्येकावर कोळशाची एक रेघ,
म्हणजे दुसरी कुणी मागनं घालून गेली तर कळेल.
पाटीत आधी राख,
राखेवर माझ्या सुपातली तंबाखूची भुकटी,
वर कडब्याचा मऊ चुरा.
तीस वर्षं माझ्या छातीत बसून खोकणारी भुकटी
कोंबडीच्या उवा मात्र पळवून लावते.
आहे तिचाही काही गुण.

रात्री, दिवे गेल्यावर, तिला उचलून अंड्यांवर ठेवलं.
अंधारात हलवलेली कोंबडी सकाळी भांडत नाही.

दिवस मी बोटांवर मोजत नाही.
माझा दिवस म्हणजे हजार विड्या, चाळीस कट्टे.
बुट्टीला लागणार एकवीस हजार.
दोघी समोरासमोर बसलो.
ती दिवसातून एकदा उठायची,
ज्वारीची कणी टिपायची, पाणी प्यायची,
मातीत लोळून पंख झटकायची
आणि पाव तासात परत. मुकादम नसताना.
मला तर मान वर करायला चहा लागतो.

सात हजारांना, रात्री, मोबाईलच्या उजेडावर अंडी धरली.
कवचाआड लाल शिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या,
मधे एक काळा ठिपका, हलणारा.
दोन अंडी नुसती उजळली. आत कुणीच नाही.
कारखान्यात चेकर माझे कट्टे बाजूला फेकतो,
छाट, म्हणतो, वर न बघता.
आज मी छाट काढत होते.
दोन्ही अंडी हातात धरून मी जरा वेळ बसले.
मग परसात पुरली.

कुंभारीच्या माळावर पारा त्रेचाळीसला.
पत्रा असा तापायचा की वर भाकरी भाजावी.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
तरी एक तांब्या रोज तिच्या नावाचा,
पत्र्यावरचं पोतं भिजवायला.
भिवंडीहून पोराचा फोन,
आई, तू कशी आहेस, नंतर विचारतो.
आधी, फुटली का?

विसाव्याच्या रात्री आतून आवाज आला.
कवचाआडून पिल्लू बोललं
आणि बुट्टीनं हळूच उत्तर दिलं.
कधी शिकली असेल ती हे? तिची आई मीच तर विकली होती.

सात निघाली. दोन राहिली.
माझी नखं शिवशिवली, सोलावं जरासं, मदत म्हणून.
सायव्वानं मनगट धरलं.
सोललेलं पिल्लू उभं राहत नाही, गप बस.
कोमट पाण्याच्या वाडग्यात दोन्ही सोडली.
एक मुकाट तरंगलं.
एक डुललं. पुन्हा डुललं.
ते पुसून परत तिच्या पोटाखाली सारलं
आणि मी त्या रात्री पान कातरलंच नाही.

पहाटे आठवं.

आता बशीत पाणी, पाण्यात खडे,
नाहीतर बोटभर पाण्यातही बुडतात वेडी.
दुपारी घिरट्या घालणारी घार,
भिंतीवरून बघणारं गज्जमांचं मांजर,
रात्री डालग्यावर दगड, दगडावर अजून एक.
घारीची सावली अंगणातून सरकली
तशी बुट्टीनं एकच हाक दिली
आणि अंगणात एकही पिल्लू उरलं नाही,
नुसती एक फुगलेली कोंबडी,
पोटाखालून सोळा पाय निघालेली.

शनिवारी मुनशीनं वहीवर बोट ठेवलं.
मंगळवारचे कट्टे कुठायत, नागव्वा?
मी म्हटलं, खाडा लिहा.