ताळा

बेलेंमध्ये दुपारी दोनला
पारा आपण होऊनच एकतीसवर जातो.
आमच्या वायूला तेवढीच ऊब पुरते,
वर चौऱ्याहत्तर बार दाब;
मग तो वायू राहत नाही, आणि द्रवही होत नाही.
काचेच्या झरोक्यातून पाहिलंय मी कितीदा:
मधली रेघ आधी थरथरते, धुरकटते,
आणि वर कुठलं, खाली कुठलं,
सांगता येत नाही.

म्हणून पंपाचं डोकं बर्फगार ठेवायचं.
हे नव्या मुलांना दरवर्षी सांगावं लागतं.

प्रिप्रिओका म्हणजे नागरमोथ्याचा दूरचा भाऊबंद.
काळा गाठाळ कंद, चिखलात माळेसारखा ओवलेला.
दोना ओस्मारिना तो नदीकाठच्या बाजारातून आणते,
ज्या बाजाराचं नावच आहे 'वजन बघ'.
तिथे ती चाळीस वर्षं मूठ हाच तराजू मानत आली.
आज स्टुलावर बसलीय, पिशवी मांडीवर,
माझा चार दशांशांचा काटा बघत.
"एवढ्याशा पिठाला काचेचं घर?"
"वाऱ्यानं हलतो, दोना. श्वासानंसुद्धा."
ती तोंडावर हात ठेवते.

वीस ग्रॅम भुकटी. चाळीस अंश. दोनशे बार.
दर दहा मिनिटांनी बर्फातली कुपी काढते,
पुसते, तोलते, लिहिते.
सुरुवातीला रेघ कशी चढते, भूक लागल्यासारखी!
पहिल्या अर्ध्या तासात निम्म्याहून जास्त.
मग ती वाकते.
मग ती आडवी पडते,
आणि मी तरी आणखी एक तास थांबते, नियम म्हणून.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार.

तेल: शून्य पूर्णांक बावीस.
चोथा: एकोणीस पूर्णांक एकसष्ट.
बेरीज दोनदा केली, तिसऱ्यांदा एव्हांद्रोकडून करवली.
सतरा शतांश ग्रॅम कुठेच नाहीत.
"कुठेतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला,
आणि खरंच पाणीच होतं,
कंदाच्या पोटातली ओल, वायूबरोबर निसटलेली,
बारा शतांश.
अशी म्हण शब्दशः खरी ठरते
तेव्हा प्रयोगशाळेत कुणी हसत नाही.

राहिले पाच.

पलीकडच्या खोलीत यंत्र तेलाची उलटतपासणी घेतं.
कागदावर शिखरं उगवतात, एकामागून एक,
सायपेरीन, मस्टाकोन, कॅरिओफिलीन ऑक्साइड,
ओळखीची माणसं ठरल्या वेळी दारात यावीत तशी.
चौतिसाव्या मिनिटाला एक बुटकं.
ग्रंथालय म्हणतं, एकसष्ट टक्के जुळतं,
म्हणजे ग्रंथालयाला माहीत नाही.
एव्हांद्रो तक्त्यात लिहितो: 'अनोळखी, १.७'.
मी कुपी दोनासमोर धरते.
ती डोळे मिटून हुंगते, बराच वेळ.
"हा पाऊस ओसरल्यावर उपटलेला. त्याआधी उपटला तर हा वास नसतो."
कोणता वास, ते ती सांगत नाही.
तिच्या भाषेत त्याला नाव असेल, किंवा नसेल,
एव्हांद्रोची पेन्सिल कागदावर टेकून राहते.

जाताना ती चोथ्याचा डबा उघडते.
"हे फेकणार?"
"निघायचं ते निघालं, दोना. वक्र आडवा झाला."
ती चिमूट चोळते बोटांत, माझ्या नाकाखाली धरते.
"तुमचा झाला असेल."
जूनमध्ये सुगंधी अंघोळीच्या पुड्या बांधताना
ती यातलंच मिसळणार, मला ठाऊक आहे,
आणि गिऱ्हाईक परत येणार, हेही.
मी डबा तिच्या पिशवीत ठेवते.
नोंदवहीत या रकान्याला जागा नाही.

संध्याकाळी ग्वामाच्या बसमध्ये
पुढच्या बाकावरचं पोर वळून वळून बघतं,
मग आईच्या कानात काहीतरी सांगतं.
आई माझ्या बाहीकडे बघते, हसते.
पाच शतांश ग्रॅम.
'नळीत व झडपेत अडकून राहिले',
असं लिहून आले मी वहीत.
उद्या खोडायला हवं.