दुसरा गिअर

वाल्पाराइसोच्या चढावर
एलिएसेरने आज बस
दुसऱ्या गिअरच्या वर नेलीच नाही.

कुणी घोषणा दिली नाही.
घोषणेला कलम होतं,
चौघांनी एकत्र उभं राहायला कलम होतं.
हळू जायला नव्हतं;
ते लिहायचं राहून गेलं होतं.

मागे मासळीचा ट्रक, त्यामागे टॅक्सी,
त्यामागे शववाहिनी,
तिला सवयच या चालीची.

कडेनं ओतिलिया, हातात पावाची पिशवी,
एक पाऊल टाकते, थांबते,
मग दुसरं.
पायात नवऱ्याचे बूट.
तो आला की लागतील म्हणून
सात वर्षं रोज पॉलिश करायची.
आज म्हणाली, असू देत पायात.

वळणावर पोलिसानं बस अडवली.
पोरगाच. मिसरूड अजून ठरवत होतं
फुटावं की नाही.
"काय झालंय?"
"ब्रेक म्हातारे झालेत, साहेब."
"आणि मागच्यांचे?"
"त्यांचेही."
तो रांगेकडे बघत राहिला,
पार खाली बंदरापर्यंत,
शिटी ओठांत तशीच.

संध्याकाळी एलिएसेरला नेलं.
दोन माणसं, बिननंबराची गाडी.
निघाली भरधाव
आणि पहिल्याच चौकात अडकली.
पुढे शंभरेक म्हातारे ब्रेक,
आणि रस्ता ओलांडणारी ओतिलिया,
ढगळ बुटांत,
अजून अर्ध्यावरच.