वरचा सूर

बीट काढून नेल्यावर शेत असं दिसतं
जसे कुणी घाईत दात उपटलेत.
फाल्स्टर बेट, ऑक्टोबर, सकाळचे आठ,
वारा समुद्रावरून सरळ कानशिलात.
पाले थर्मासची कॉफी झाकणात ओततो,
पहिला घोट जमिनीला.
विचारलं तर म्हणतो, सांडली.
अकरा वर्षं सांडतेय.

यंत्र चालू, हेडफोन कानांवर.
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
विळ्याची लय, पण कापायचं काहीच नाही.
लोखंड घोगरं बोलतं, सर्दी झाल्यासारखं.
शिसं नुसतंच कण्हतं.
चांदी मात्र बारीक, वरच्या सुरात,
काचेच्या पेल्यावर नख मारावं तशी.
हे मला पालेनंच शिकवलं.
मी तेव्हा शाळेच्या बसचं चाक नुकतंच सोडलं होतं,
हातांना धरायला काहीतरी हवं होतं.

दुपारपर्यंतची कमाई:
बिअरच्या डब्यांच्या सात कड्या,
काडतुसाचं पितळी बूड,
नांगराचा एक बोल्ट
(शेतमालक मोन्स ट्रॅक्टरवरून उतरला,
"हा तर माझा," म्हणून खिशात टाकून गेला),
आणि एक चेपलेलं अंगुस्तान,
आत माती इतकी घट्ट
की वाटावं, बोट अजून आतच आहे.

पाव खाल्ल्यावर मी पालेच्या मागं मागं,
त्याच्याच पट्टीवर, त्याच्याच ठशांत पाय ठेवत.
आळस म्हणा.
पालेच्या मागं वेचायला कुणी जात नाही,
तो काही सोडतच नाही.

ओढ्याकाठी, वाळुंजापाशी,
माझ्या कानात काच वाजली.
स्वच्छ.
आडवं फिरवलं, उभं फिरवलं, तीच.
वर पालेच्या बुटाचा ठसा,
टाचेच्या खिळ्यांसकट.

तो पुढं चालला होता,
पाठ जराशी वाकलेली, यंत्र अतिशय नीट हलवत.
मग एकेक आठवायला लागलं.
त्याच्या घरी किटली कोकलत राहते
आणि उठून बंद करते मी.
मे महिन्यात म्हणाला होता,
"यंदा चंडोल आलेच नाहीत, इंगेलिसं,"
आणि डोक्यावर चंडोल नुसते उतू जात होते.

वय वरून कुरतडत येतं.
आधी चंडोल नेतं, मग किटली, मग चांदी.
लोखंड तेवढं शेवटपर्यंत ठेवतं.

खणून पिशवीत टाकता आलं असतं.
बुजवून पुढं जाताही आलं असतं,
सातआठशे वर्षं थांबलंय, आणखी थांबेल.
मी हाक मारली, मुद्दाम खर्जात:
"पाले, माझी बॅटरी गेली वाटतं.
तू बघ जरा, इथं काही लागतंय का."

तो आला. फिरवलं. पुन्हा फिरवलं.
मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते,
तो माझ्या यंत्रावरच्या हिरव्या दिव्याकडे.
दिवा चालू होता.

बराच वेळ फक्त वारा.
मग त्यानं हेडफोन काढून गळ्यात अडकवला,
गुडघे टेकले, खुरपं मागितलं,
आणि जिथं त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं
तिथं खणायला लागला.

अर्धं नाणं.
मधोमध कापलेलं, कातरीनं कापावं तसं.
सुटे नसले की तेव्हा असंच करायचे,
पुऱ्याचं अर्ध्यात भागवायचे.
थुंकी लावून त्यानं अंगठ्यानं पुसलं:
राजाचा एक डोळा, केसांची बट,
एक कान.
"कान शाबूत आहे लेकाचा," पाले म्हणाला,
आणि इतका हसला की खोकला आला.

संध्याकाळी गाडीच्या बॉनेटवर
संग्रहालयाचा फॉर्म भरला.
जागा: वाळुंजाच्या पूर्वेला नऊ पावलं.
खोली: एक वीत.
शोधणाऱ्याचं नाव लिहायला एकच ओळ होती,
त्यानं दोन्ही नावं दाटीवाटीनं बसवली, माझं आधी.
साधन कोणतं, या रकान्यापाशी
पेन जरा वेळ अडलं.
मग त्यानं लिहिलं, खुरपं.